कुठे काय ठेवायचे : विजेच्या गाड्यांचा कारखाना आणि धाराशिव



ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी हयातभर आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मुलांच्या हातात कानस दिली, व्हर्नियर दिला. त्यांच्या नावाने उभे राहायचे तर कारखान्याविषयीच बोलावे, असे मला वाटले. म्हणून आज मी विजेवर चालणाऱ्या गाड्या जिथे जोडल्या जातात त्या कारखान्यांच्या मांडणीविषयी बोलणार आहे. कुठले यंत्र कुठे बसवायचे, माल कुठल्या दाराने आत घ्यायचा, दोन स्टेशनांमध्ये किती जागा मोकळी सोडायची, आणि यावरून दिवसाला किती गाड्या बाहेर पडतील हे कसे ठरते, एवढाच विषय.

धाराशिवात हे कशाला, असे कुणी विचारील. आपल्याकडे मोटारीचा मोठा कारखाना नाही. पण चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या लाइनवर उमरगा, कळंब, भूम, परंड्याची मुले उभी आहेत. तिकडे छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला एथर एनर्जीने विजेच्या दुचाकींचा कारखाना उभारायचे २०२४ मध्ये जाहीर केले. दोन हजार कोटींहून अधिक गुंतवणूक, आणि टप्प्याटप्प्याने वर्षाला दहा लाख गाड्यांची क्षमता. हा उद्योग आपल्या दोन्ही बाजूंना वाढतो आहे. त्याचे पोट कसे चालते हे आपल्याला कळले पाहिजे.

नवीन कारखान्याची बातमी आली की दोन आकडे छापले जातात : किती कोटी आणि किती रोबो. माझे म्हणणे असे आहे की तिसरी गोष्ट आधी पाहावी, आणि ती म्हणजे कारखान्याचा नकाशा. दिवसाला किती गाड्या निघणार याचा मोठा भाग पहिली वीट बसण्याआधी कागदावर ठरून गेलेला असतो. पुढे यंत्रे बदलता येतात, माणसे वाढवता येतात. चुकीच्या जागी उभी राहिलेली भिंत मात्र तीस वर्षे तिथेच राहते.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको, साखर कारखाना पुरेसा आहे. गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू होतो, आणि कारखान्याची क्षमता आपण दिवसाला अमुक टन गाळप अशी सांगतो. पण मिल कितीही मोठी बसवली आणि बॉयलिंग हाउसला तेवढा रस घेता आला नाही, तर मिलला थांबावे लागते. बॉयलिंग ठीक आहे पण सेंट्रिफ्युगल अपुरे आहेत, तर पॅन रिकामे होत नाहीत. सगळे ठीक आहे पण वजनकाटा एकच आहे, तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग आणि आत गव्हाण उपाशी. सगळ्या कारखान्याचा वेग त्याच्या सर्वांत संथ जागेचा वेग असतो. दुसरी गोष्ट रांगेची. जॉन लिटल या अमेरिकी गणितज्ञाने १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला : आत अडकलेल्या वस्तूंची संख्या म्हणजे दर तासाला बाहेर पडणाऱ्या वस्तू गुणिले प्रत्येक वस्तूला लागणारे तास. तासाला चाळीस गाड्या रिकाम्या होत असतील आणि यार्डात चारशे उभ्या असतील, तर शेवटच्या गाडीवानाला दहा तास बसावे लागणार. यार्ड मोठे केले म्हणून त्याचे दहा तास कमी होत नाहीत. मोटारीच्या कारखान्यात अर्धवट जोडलेल्या गाड्या जागोजागी साठल्या असतील, तर तिथेही हेच झालेले असते.

आता चाकणला जाऊ. महिंद्राने जानेवारी २०२५ मध्ये तिथला विजेच्या मोटारींचा विभाग लोकांसमोर आणला. एक्सईव्ही ९ई आणि बीई ६ या गाड्या तिथे होतात. जागा सुमारे ८८,००० चौरस मीटर, आणि सुरुवातीची क्षमता वर्षाला ९०,००० गाड्यांची सांगितली गेली. या आकड्याचा कामगाराच्या दृष्टीने अर्थ काय? वर्षाचे ३०० दिवस धरा, दिवसाला ३०० गाड्या झाल्या. दोन शिफ्ट धरा, जेवण आणि चहा वजा जाता प्रत्येकी साडेसात तास, म्हणजे दिवसाची ९०० मिनिटे. भागाकार करा : दर तीन मिनिटांना एक गाडी. शिफ्टचे हे हिशेब माझे आहेत, कंपनीचे नाहीत. पण पद्धत जगभर हीच असते. या तीन मिनिटांना लाइनवर टॅक्ट म्हणतात. आता प्रत्येक स्टेशनवरचे काम तीन मिनिटांच्या आत बसलेच पाहिजे. जे बसत नाही ते तोडून दोन स्टेशनांत वाटायचे, म्हणजे लाइन लांबली, म्हणजे इमारत लांबली. टॅक्ट ठरला की इमारतीची लांबी जवळजवळ ठरते.

दुचाकीचे गणित याहून कठीण आहे. बजाज ऑटोने जून २०२२ मध्ये आकुर्डीत विजेच्या चेतकसाठी नवा कारखाना सुरू केला. जुनी चेतक स्कूटर ज्या आवारात घडली, तेच हे आकुर्डी. पाच लाख चौरस फूट जागा आणि वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता, म्हणजे वर्षभरात दर चौरस फुटामागे एक स्कूटर. वरच्याच रीतीने भागाकार केला तर दिवसाला सुमारे १,६६७ गाड्या आणि दर ३२ सेकंदांना एक. बत्तीस सेकंदांत माणसाने पुढे व्हायचे, भाग उचलायचा, बसवायचा, बोल्ट आवळायचा, टॉर्क तपासायचा आणि मागे यायचे. हे निभवणे कठीण. म्हणून अशा ठिकाणी एकाच लाइनला पळवत न बसता समांतर लाइनी टाकता येतात. दोन टाकल्या की प्रत्येक स्टेशनला ६४ सेकंद मिळतात. पण दोन लाइनी म्हणजे भाग पुरवणाऱ्या ट्रॉलींना दोन वाटा, दोन ठिकाणी रॅक, दोन ठिकाणी टेस्टिंग. ती जागा आधीच राखली नसेल, तर नंतर मिळत नाही.

या ६४ सेकंदांत चालणे किती, हे पाहा. रॅक पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे नऊ-दहा सेकंद. गाडीला त्या वेळात काहीच लागलेले नसते, आणि कामगाराच्या वेळेचा सहावा-सातवा हिस्सा गेलेला असतो. साडेसात तासांच्या शिफ्टमध्ये अशी सुमारे ४२० चक्रे होतात, म्हणजे तो मुलगा दिवसाला चार किलोमीटरहून अधिक नुसता रॅककडे चालला. त्याचे पाय दुखतात आणि सुपरवायझर त्याला हळू म्हणतो. रॅक लाइनला लावून ठेवला, किंवा प्रत्येक गाडीचे सुटे भाग आधीच एका ट्रेमध्ये मांडून तो ट्रे गाडीबरोबरच पुढे सरकवला, की हे चालणे संपते. शॉपवर याला किटिंग म्हणतात. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये हेच घडले. चॅसिस जोडायला साडेबारा तासांच्या आसपास वेळ लागत होता. माणसाने गाडीकडे जाण्याऐवजी गाडी माणसाकडे येऊ लागली आणि काही महिन्यांत तो वेळ ९३ मिनिटांवर आला. माणसे तीच होती, हात तेच होते. लाइनवर कमी पडणाऱ्या मुलाला बोल लावण्याआधी त्याच्या पायाखालचे अंतर मोजावे, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगत आलो आहे, आणि इथेही सांगतो.

आता विजेच्या गाडीचे वेगळेपण. पेट्रोलच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूच्या उपलाइनवर तयार होऊन येतात आणि खालून बॉडीला जोडले जातात. कामगार त्या जागेला मॅरेज स्टेशन म्हणतात. विजेच्या मोटारीत तिथे येतो तो बॅटरी पॅक : गाडीच्या तळाएवढा रुंद, कित्येकशे किलो वजनाचा, आणि जिवंत व्होल्टेज असलेला. तो माणसांनी उचलायचा नसतो. बॉडी वर टांगलेली हवी, खालून स्वयंचलित ट्रॉलीवर पॅक यायला हवा, आणि दोन्हींची भेट मिलिमीटरच्या हिशेबाने व्हायला हवी. मग प्रश्न येतो की हा पॅक बनतो कुठे. उत्पादन खात्याला तो मॅरेज स्टेशनच्या शेजारी हवा असतो. सुरक्षा खात्याला तो लांब हवा असतो, कारण लिथियम बॅटरीचा साठा म्हणजे आगीचा धोका, आणि त्यासाठी वेगळी इमारत, आगरोधक भिंती, अग्निशमन बंबाला फिरायला रस्ता लागतो. पॅक लांब बनवला तर वाटेत जास्त पॅक साठवावे लागतात, म्हणजे धोका पुन्हा लाइनजवळच येऊन बसतो. या ओढाताणीत चांगला आराखडा करणारा माणूस कळतो. बॅटरीची इमारत वेगळी, पण तिचे मालाचे दार बरोबर मॅरेज स्टेशनसमोर. मधे मोजकेच पॅक, आणि तेही सतत सरकणारे. महिंद्राने बॅटरी जोडण्याचा विभाग चाकणच्याच आवारात ठेवला, त्याचे मोल मला यात दिसते. सेल बाहेरून येतात, पण जड पॅक रस्त्यावरून फिरत नाही.

दुसरे वेगळेपण थांबण्याचे आहे. सेलच्या खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतात, ती घट्ट व्हायला वेळ लागतो. पॅकमध्ये पाणी शिरणार नाही ना, याची गळती-चाचणी होते. इन्सुलेशनची चाचणी होते. गाडी तयार झाली की तिच्यात सॉफ्टवेअर भरावे लागते. यातली कुठलीही गोष्ट माणसाने घाई करून लवकर होत नाही. एक उदाहरण देतो, आकडे मी सोपे घेतले आहेत. टॅक्ट तीन मिनिटांचा आणि एका चाचणीला अठरा मिनिटे लागतात. मग सहा गाड्या एका वेळी चाचणीला उभ्या राहिल्या पाहिजेत. एक जागा बिघाडासाठी धरली तर सात हव्यात. आराखडा करणाऱ्याने चारच सोडल्या असतील, तर दर साडेचार मिनिटांना एकच गाडी सुटेल. दिवसाला ३०० चा कारखाना २०० वर आला. बॉडी शॉपमध्ये आणखी शंभर रोबो आणून बसवा, २०० चे २०१ होणार नाहीत. विजेच्या गाड्यांचे नवे कारखाने सुरुवातीला जाहीर आकड्यापेक्षा मागे पडतात, त्याचे एक कारण या शेवटच्या टप्प्यातली अपुरी जागा असू शकते.

तिसरी गोष्ट साखळीची. वीस स्टेशने एकमेकांना घट्ट जोडलेली आहेत आणि प्रत्येक स्टेशन नव्याण्णव टक्के वेळ व्यवस्थित चालते, असे समजा. कुणालाही वाटेल, उत्तम. पण एक थांबले की सगळी थांबतात. नव्याण्णव टक्के वीस वेळा गुणले की लाइन ८२ टक्केच वेळ चालते. शंभर स्टेशने अशीच जोडली तर ३७ टक्के. म्हणून मधेमधे थोड्या गाड्या मावतील एवढी मोकळी जागा ठेवायची असते, बफर म्हणतात तिला. पुढचे स्टेशन अडले तरी मागचे काम करीत राहते, मागचे अडले तरी पुढचे उपाशी राहत नाही. जमिनीचा भाव पाहून मालक ही जागा कापायला बघतात. ही जागा कापणे म्हणजे रोजच्या गाड्या कापणे, हे त्यांना कुणीतरी कागदावर मांडून दाखवावे लागते.

या साऱ्याचा जगासमोर झालेला धडा म्हणजे अमेरिकेतल्या फ्रीमाँटचा. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ सुरू केली तेव्हा आठवड्याला ५,००० गाड्यांचे लक्ष्य होते. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे तेरा आठवड्यांत मिळून, २,४२५ झाल्या. भाग वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचे गुंतागुंतीचे जाळे उभारले होते, ते शेवटी काढून टाकावे लागले. अति-यांत्रिकीकरण ही चूक होती असे इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये स्वतः मान्य केले. मग जूनमध्ये कारखान्याच्या आवारात एक प्रचंड तंबू ठोकून त्यात सरळ, साधी, माणसांच्या हातांवर चालणारी आणखी एक जोडणी-लाइन टाकली. त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात ५,००० चा आकडा ओलांडला गेला. तंबूची भलामण मी करणार नाही. तिथे उन्हात आणि घाईत काम करणाऱ्यांचे हाल हा वेगळा विषय आहे. पण सरळ वाट आणि डोळ्यांना दिसणारा माल यांनी जे केले, ते महागड्या पट्ट्यांना जमले नव्हते.

रांजणगावची गोष्ट वेगळ्या वळणाची. टाटांची नेक्सॉन ही आधी पेट्रोल-डिझेलची गाडी, जानेवारी २०२० मध्ये तिचा विजेवरचा अवतार बाजारात आला आणि तोही रांजणगावातच जोडला जाऊ लागला. दोन प्रकारच्या गाड्या एकाच व्यवस्थेतून काढायच्या म्हटले की इंधन भरण्याच्या जागी विजेची गाडी रिकामी उभी राहते आणि हाय-व्होल्टेज केबलच्या जागी पेट्रोलची. नुकसान आहे. पण मागणी कमी असताना स्वतंत्र कारखाना उभारणे हे त्याहून मोठे नुकसान. अशा मिश्र लाइनवर कुठल्या क्रमाने गाड्या सोडायच्या यावरच वेग टिकतो : जास्त कामाच्या दोन गाड्या लागोपाठ आल्या की स्टेशन मागे पडते. विजेच्या गाडीसाठी पहिल्या दिवसापासून वेगळी इमारत हवी, असा आग्रह मी कधीच धरणार नाही.

आपल्या राज्यात या कामाची जाण जुनी आहे. टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्याचा कारखाना उभारताना, १९६० च्या दशकात, सुमंत मुळगावकर यांनी उजाड माळावर आधी झाडे लावली, पाणी साठवले, प्रशिक्षणाची सोय आणि मशीन टूल विभाग उभा केला. ट्रक नंतर आले. कारखाना म्हणजे आधी जागा आणि माणूस, मग यंत्र, हा क्रम त्यांना ठाऊक होता.

आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यालाही एक उदाहरण आहे, ते मला नेहमी आठवते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, पुढे येडशीवरून १९११ पर्यंत लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी रुळांवर प्रत्येक आसाला सारखा, पाच टनांचा भार येईल असे डबे आणि इंजिने आखली, आणि त्या अरुंद रुळांवरून माल भरपूर वाहिला. पण कुर्डुवाडीला मोठ्या गाडीचे रूळ वेगळे. कापसाची प्रत्येक गासडी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. दोन्ही रेल्वे चांगल्या होत्या, त्यांच्यामधली अदलाबदलीची जागा संथ होती. शतकभर या भागातल्या मालाने ती किंमत मोजली. रुंदीकरण झाले तेव्हा रुळांचा मार्गही बदलला आणि धाराशिव शहराला स्टेशन मिळाले. मांडणी बदलली की जिल्ह्याचे नशीब कसे बदलते, हे आपण अनुभवलेले आहे.

मग आता आपण काय मागायचे? मोटारीचा पूर्ण कारखाना मागण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकण आणि बिडकीन दोन्ही आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहेत, हे अंतर धरून विचार करा. सीट, बंपर यांसारखे भाग गाडीच्या रंगाप्रमाणे, क्रमाने, तासातासाला लागतात. शिवाय ते आकाराने मोठे, ट्रकमधून जास्त हवाच जाते. ते कारखान्याच्या जवळच बनणार, त्यांच्यामागे आपण लागू नये. पण वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचा जुडगा, घ्या. विजेच्या गाडीतही ते लागते, हाताने बोर्डावर बांधावे लागते, डोळस आणि निगुतीचे काम आहे, एका ट्रकमध्ये अनेक गाड्यांचे मावू शकते आणि चार दिवस आधी पाठवले तरी चालते. गाडीच्या आतले कापड, आवाज शोषणारे नमदे, आच्छादने घ्या. कौडगावच्या एमआयडीसीत टेक्निकल टेक्स्टाइलची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. त्या चर्चेत मोटार उद्योगाच्या कापडाचे नाव ठळकपणे आले पाहिजे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग पूर्ण होईल तेव्हा हे गणित आणखी आपल्या बाजूने वळेल.

यासाठी भूखंडांची आखणी आत्ताच नीट व्हायला हवी. तिरपे, त्रिकोणी तुकडे उद्योगाला देऊ नयेत; सरळ लाइन त्यात बसत नाही. माल येण्याचे आणि जाण्याचे दार वेगळे हवे. चाळीस फुटी ट्रेलर एका दमात वळेल एवढा रस्ता हवा. ऑफिसची देखणी इमारत समोर बांधायची आपल्याकडे फार हौस आहे, आणि नेमकी तीच पुढे लाइन वाढवायच्या आड येते. वाढ ज्या दिशेला व्हायची ती बाजू कुंपणापर्यंत मोकळी सोडावी. बॅटरीशी संबंधित कुणी आले, तर त्यांच्या साठ्याची जागा आणि अग्निशमनाचे पाणी हे पहिल्याच नकाशात दाखवायला सांगावे. यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा जास्तीचा पैसा लागत नाही. आधी विचार लागतो.

आणि माणसे. आपल्या आयटीआयत आणि तंत्रनिकेतनात मुले वेल्डिंग शिकतात, वायरिंग शिकतात. पण स्टॉपवॉच आणि टेप घेऊन एखादे काम मोजणे, त्याचा नकाशा काढणे, चालणे कमी करून दाखवणे, हे फारसे कुणी शिकवत नाही. हे शिकलेला मुलगा कंत्राटी हेल्पर म्हणून राहत नाही, तो लाइन लीडर होतो. या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही; संस्थेचेच वर्कशॉप मोजायला घेता येते. इथे बसलेल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे की येत्या सत्रापासून आठवड्याचा एक तास याला द्यावा. आणि चाकण, रांजणगाव, आकुर्डीच्या लाइनवर उभ्या असलेल्या आपल्या मुलांना, ज्यांच्या घरचे लोक आज इथे आले आहेत, माझा निरोप द्या : दिवाळीला गावी आलात की एक दिवस आयटीआयत जा, फळ्यावर आपल्या स्टेशनचा नकाशा काढा आणि धाकट्यांना समजावून सांगा.